अक्कांना शिव भेटला नव्हता

पौष वद्य पंचमी, १९४४ साल. संक्रांत नुकतीच होऊन गेली होती आणि घरात तूर भरडायची होती.

तेलाचा हात लावून तूर चार दिवस अंगणात वाळवली होती. आभाळ अधूनमधून भरून येत होतं, त्यामुळे काम त्याच दिवशी उरकायला हवं होतं. जात्याच्या एका बाजूला मी बसले, समोर माझी थोरली जाऊ. त्यांना सगळं गाव अक्का म्हणे. आमचं घर नळदुर्गच्या अलीकडे एका लहान गावात. पुढे भुसाराचं दुकान, मागे राहतं घर. दोघे भाऊ दुकान बघत, आम्ही दोघी जावा घर बघत असू. मी सोलापूरकडची, सातवीपर्यंत शिकलेली. अक्का कानडी मुलखातल्या. त्यांना अक्षरओळख नव्हती, पण आल्यागेल्यांसह वीस माणसांचा स्वयंपाक त्या एकट्या करत आणि वर मला बोलायलाही त्यांना वेळ उरे.

दोघी दळायला बसलं की एका खुंट्यावर दोघींचे हात असतात. समोरची किती जोर लावते हे बघावं लागत नाही, आपल्या हाताला कळतं. त्या दिवशी अक्कांचा हात खुंट्यावर होता, पण तो माझ्या हाताबरोबर नुसता फिरत होता. जातं मी एकटी ओढत होते, आणि त्यांच्या हाताचं ओझंही.

"अक्का, हात लावलाय का नुसता ठेवलाय?" मी म्हणाले.

मी दोन मुठी तूर टाकली, जातं चार-पाच फेरे फिरलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "काय म्हणलीस?"

"ओढा म्हणलं."

"ओढतेच की." मग पुन्हा थांबून, "हात लई जड झालाय गं. माझा म्हणून वाटंना."

हीच बाई आदल्या वर्षी याच जात्यावर मला म्हणत होती, "ओढ की मास्तरीणबाई! सोलापूरच्या शाळंत जातं शिकवत न्हाईत व्हय?" आणि ओव्या अशा म्हणत की शेजारणी आपलं दळण घेऊन आमच्याकडे यायच्या. आता तोंडातून ओवी सोडा, हुंकारसुद्धा नव्हता. मला राग आला. अर्धी तूर भरडून झाल्यावर मी त्यांना म्हटलं, तुम्ही उठा, मी करते. त्या उठल्या नाहीत, कारण उठायचं की बसायचं हेही त्यांना ठरवता येईना. शेवटी मी त्यांचा हात खुंट्यावरून उचलून त्यांच्या मांडीवर ठेवला. तो तिथेच राहिला.

हे दिवाळीनंतर सुरू झालं. काही घडलं नव्हतं. लोकांना आजही हे पटत नाही. लोक विचारतात, काही दुःख होतं का, नवरा मारत होता का, सासुरवास होता का. सासूबाई जाऊन सहा वर्षं झाली होती. भासरे, म्हणजे माझे थोरले दीर, अक्कांशी कधी वर आवाजात बोलले नव्हते. दोन्ही मुली चांगल्या घरी पडल्या होत्या. अक्कांचं वय त्रेचाळीस-चव्वेचाळीस. मी त्यांच्याबरोबर दिवसभर असे. मला कारण सापडलं नाही, आणि मी शोधण्यात कसूर केली नाही.

आधी झोप गेली. कोंबडा आरवायच्या आधीच त्या उठून बसलेल्या दिसत. मग जेवण कमी झालं. पानावर दोन भाकरी घ्यायच्या, त्याची एक झाली, एकीची अर्धी झाली. वाढायला गेलं की हात आडवा धरून म्हणायच्या, "ब्याड." म्हणजे नको. लग्नाला तीस वर्षं झालेली बाई, घरात मराठीच बोलायची. पण आता तोंडातून निघे ते माहेरचं कानडी, तेही एकेक शब्द. आणि पूजा वाढली.

आम्ही लिंगायत. बाई असो की पुरुष, प्रत्येकाच्या गळ्यात लिंग असतं, चांदीच्या डबीत दोऱ्याला बांधलेलं. रोज अंघोळ झाली की ते काढून डाव्या तळहातावर घ्यायचं, पाणी घालायचं, विभूती लावायची, बेल वाहायचा, थोडा वेळ त्याच्याकडे नजर लावून बसायचं आणि पुन्हा गळ्यात घालायचं. पूजा होईपर्यंत तोंडात पाण्याचा थेंब नाही. घाईच्या घरात हे सगळं पाव घटकेत होतं. अक्कांना आता दीड तास लागू लागला, मग तीन तास. तळहातावर लिंग आणि बाई दगडासारखी. माशी बसली तरी हात हलत नसे.

आमच्या घरात त्याचा अर्थ एकच निघाला. आधी शेजारीण म्हणाली, "अक्कांची तंद्री लागती." मग गावच्या मठातले जंगम स्वामी आले, त्यांना आम्ही अय्या म्हणतो. त्यांनी दारातून बघितलं आणि भासऱ्यांना सांगितलं, "पूर्वपुण्याई आहे तुमची. बाईला समाधी लागत्येय. हाक मारू नका, हात लावू नका. अन्नावरची वासना उडाली, बोलणं उडालं, झोप उडाली, ही सगळी त्याचीच लक्षणं." अय्या वाईट माणूस नव्हता. समोर दिसत होतं त्याला त्याच्याजवळ एकच नाव होतं, ते त्याने दिलं.

पुढच्या सोमवारपासून बायका अक्कांच्या पाया पडायला येऊ लागल्या. पोटुशी बाई, पोर दगावलेली बाई, सवत आलेली बाई. अक्कांच्या पुढ्यात बसून आपलं सांगत. अक्का त्यांच्याकडे बघत नसत, तरी त्या समाधान पावून जात. एकदा कुणीतरी पायावर डोकं ठेवलं तेव्हा अक्का म्हणाल्या, "माझ्या पाया पडू नगा. म्या लई पापी हाय." बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. एक म्हणाली, "बघा की, एवढं असून गर्व न्हाय!" लढाईचे दिवस होते. सक्तीने धान्य वसूल करणारे सरकारी लेव्हीचे लोक आले आणि दुकानातली ज्वारी उचलून नेली, तेव्हाही अक्का म्हणाल्या, "माझ्यामुळं झालं. माझ्या पायगुणानं." अय्या म्हणाले, घराचे भोग ती आपल्या शिरावर घेते.

मी काय करत होते, तेही लिहायला हवं. कोठीची किल्ली सासूबाई गेल्यापासून अक्कांच्या कमरेला होती. मार्गशीर्षात एके दिवशी त्यांनी ती काढून माझ्यापुढे ठेवली. का, ते सांगितलं नाही. मी उचलली. तेरा वर्षं मी ज्या घरात मीठ विचारून घेत होते तिथे आता मी सांगेन ते होत होतं, आणि मला ते आवडलं. म्हणून मला जे दिसत होतं ते मी बोलले नाही. मला दिसत होतं की अक्कांच्या तळहातावर पाणी नसतं. तीन तासांनी उठल्या तरी हात कोरडा. बेलाचं पान कालचंच, वाळलेलं. त्या लिंगाकडे बघत नसत, त्याच्या पलीकडे कुठेतरी बघत. वेणीत जट धरली होती. चोळीच्या बाह्या सैल झाल्या होत्या. संक्रांतीला थोरली मुलगी तान्ही नात घेऊन आली तर अक्कांनी ती मांडीवर घेतली आणि कुणी परत घेईपर्यंत गाठोडं सांभाळावं तशी सांभाळली. मुलगी चुलीपाशी येऊन माझ्याजवळ रडली. मी तिला म्हटलं, "आई आता संसारातून वर गेली, तू रडू नकोस." हे मी बोलले. सातवी शिकलेली बाई.

शिवाय आणखी एक होतं, त्याने माझी जास्त दिशाभूल केली. दिवेलागणीला अक्का जरा सुधारत. दोन घास खात, माझ्या मुलांशी एखादा शब्द बोलत. सकाळी मात्र पुन्हा तेच. मला वाटे, कामाच्या वेळी समाधी आणि काम संपलं की बरं, हे सोयीचं आहे. मनात असं आणि लोकांपुढे तसं. दोन्हीकडून मी चुकीचीच होते.

माघ लागला आणि माझ्या बोटाला नखुरडं झालं. बोट पिकून ठणकायला लागलं. आमच्या मालकांना ज्वारीच्या परवान्यासाठी धाराशिवला जायचंच होतं, कागदावर उस्मानाबाद. त्यांच्याबरोबर मीही गेले. पेट्रोलची टंचाई, मोटारी कोळशाच्या धुरावर चालत, चढाला उतरून चालावं लागे. सरकारी दवाखान्यात पोचायला दुपार झाली. डॉक्टर मुसलमान होते, उतारवयाचे. बोलत दखनी, मी आठवतं तसं मराठीत लिहिते.

बोट चिरताना मी ओरडू नये म्हणून ते बोलत राहिले. घरी कोण कोण, काय काय. मी सांगितलं, आमच्या घरात एक साध्वी आहे. तीन तास समाधी लागते. सांगताना आवाजात थोडा तोराही असेल.

"झोप किती वाजता मोडते त्यांची?" त्यांनी विचारलं.

"तीनला. कधी त्याच्याही आधी."

"परत लागत नाही?"

"नाही."

"सकाळी जास्त वाईट असतात आणि संध्याकाळी जरा बऱ्या?"

मी बोट विसरून त्यांच्याकडे बघितलं. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

त्यांनी पट्टी बांधता बांधता सगळं काढून घेतलं. खातात किती, अंग किती उतरलं, चालणं-बोलणं मंदावलं का, साधी गोष्ट ठरवायला वेळ लागतो का, पूर्वी ज्यात जीव रमायचा त्यात रमतो का. रडतात का, विचारलं तेव्हा मी म्हटलं, रडत नाहीत. एकदा म्हणाल्या होत्या, रडायला बी येईना. स्वतःला बोल लावतात का, विचारलं तेव्हा मी लेव्हीचं सांगितलं.

ते हात धुऊन येऊन बसले. "बीबी, ही इबादत, ही भक्ती नव्हे. मी इबादत करणारे पुष्कळ पाहिले, तुमच्यातले आणि आमच्यातले. ते असे सुकत नाहीत. हा आजार आहे. हकीम याला मालीखोलिया म्हणतात, आमच्या पुस्तकात दुसरं नाव आहे. नाव राहू द्या. त्या मरणाचं बोलतात का?"

"नाही. त्या कुठे काय बोलतात!"

"तुम्ही विचारलंत?"

"असं कोण विचारतं?" मला धक्काच बसला. "विचारलं तर नसलेलं डोक्यात यायचं."

"नसेल तर विचारल्याने येत नाही. असेल तर तो माणूस वाट बघत असतो, कुणी विचारतंय का म्हणून." मग त्यांनी विचारलं, "घरात विहीर आहे?"

"परसात आड आहे."

"त्यांना इकडे घेऊन या. तोवर एकटं सोडू नका. आणि एक ध्यानात ठेवा. एखाद्या दिवशी त्या अचानक हलक्या दिसल्या, हसून बोलल्या, तर त्या दिवशी जास्त नजर ठेवा. लोक त्याच दिवशी सैल होतात."

झोपेच्या औषधाची एक बाटली दिली आणि बजावलं, ही तुमच्याजवळ ठेवायची, त्यांच्याजवळ नाही.

घरी आल्यावर मी बोलले. म्हणजे आमच्याकडे बोलण्याची जी रीत होती तशी. भासऱ्यांसमोर सून उभी राहत नाही, त्यांच्याशी थेट बोलत नाही. मी दाराआड उभी राहून मालकांना सांगायचं, भासऱ्यांना ते ऐकू येत असायचं, तरी मालकांनी पुन्हा सांगायचं.

"धाराशिवचे डॉक्टर म्हणतात, अक्का आजारी हायेत," मी दाराआडून म्हटलं.

"दादा, डॉक्टर म्हणतात वहिनी आजारी हाय," मालक म्हणाले.

"बहिरा न्हाय म्या," भासरे म्हणाले. "तिला सांग, बोट दाखवायला गेली व्हतीस, ते बरं झालं का बघ."

"दादा म्हणतात..."

"ऐकलं. त्यांना म्हणावं, अक्कांना घेऊन बोलावलंय."

"देवाच्या वाटंला लागलेली बाई दवाखान्यात न्यायची? शिवरात्र चार दिवसांवर आली. अय्यांनी तिला मठात बसवायचं ठरवलंय, दहा गावचे लोक येणार. आणि म्या सांगू, बाईच्या डोस्क्यावर परिणाम झालाय?" मग जरा आवाज उतरवून, "किल्ली मिळाली, आता जाऊबी नको झाली व्हय हिला?"

ते शेवटचं मला लागलं, कारण पहिली अर्धी गोष्ट खरी होती. मी आत निघून गेले. झोपेचं औषध मी दुधातून देत गेले, त्याने अक्का दोन तास जास्त झोपत. आडाच्या बाजूला मी मुलांना खेळायला बसवलं. पण विचारायचं राहिलं. रोज ठरवे, आज विचारते. भाकरी थापताना शब्द जुळवे. समोर गेलं की जीभ उचलत नसे. आपल्या थोरल्या जावेला, जिला आपण तुम्ही म्हणतो, तिला कोणत्या तोंडाने विचारायचं की तुम्हाला मरावंसं वाटतं का? मला वाटलं, शिवरात्र होऊ दे.

शिवरात्रीच्या आदल्या दिवशी सकाळी मी अंगण सारवत होते. मागून आवाज आला, "मास्तरीणबाई, सारवतीस का माती कालवतीस?"

मी वळून बघितलं. अक्का अंघोळ करून उभ्या होत्या. केस विंचरलेले, घट्ट अंबाडा, धुतलेलं लुगडं. त्यांनी माझ्या हातातून शेणाचा गोळा घेतला आणि चार हात असे मारले की पूर्वीच्या अक्का. मला इतकं बरं वाटलं की मी हसले आणि डोळ्यांत पाणीही आलं. मी म्हटलं, "उतरलं का हो एकदाचं!"

"उतरलं," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी मला कोठीत नेलं. कोणत्या मडक्यात पापडखार आहे, जुनी चिंच कुठे, बाळंतिणीला द्यायचा डिंक कोणत्या फडक्यात, थोरल्या मुलीला आंबट चालत नाही, धाकटीच्या सासूला पुरणाची पोळी पाठवायची राहिली आहे. मी हो हो म्हणत होते. चार महिन्यांत त्या इतकं बोलल्या नव्हत्या. भासरे दुकानातून आत डोकावले, बघितलं आणि खुशीत परत गेले. डॉक्टरांचे शब्द माझ्या कानात पडलेले होते, तरी मला काही आठवलं नाही. आनंदात माणसाचं डोकं चालत नाही. माझं तर नाहीच चाललं.

दुपारी जेवणं झाली. अक्का म्हणाल्या, पडते जरा. मुलांना मी मठाकडे पिटाळलं होतं, तिथे मांडव चालला होता. भांडी घासून मी तेलाची बुधली ठेवायला देवघरात गेले. देवळीत दिव्यामागे चांदीची डबी होती. दोरा नीट गुंडाळून डबीवर ठेवलेला.

ती अक्कांची डबी होती. तिच्या झाकणाला एक पोचा होता, मला माहीत होता.

आमच्यात लिंग गळ्यातून उतरवून ठेवत नाहीत. पूजेपुरतं हातात येतं आणि परत जातं. बाळंतपणात नाही, तापात नाही. माणूस गेलं तरी ते त्याच्या हातात देऊन पुरतात. लिंग अंगावर नसणं म्हणजे काय, हे कुणी शिकवावं लागत नाही. डॉक्टरांनी पंधरा गोष्टी विचारल्या होत्या. ही त्यांना माहीत असणं शक्य नव्हतं.

मी पळाले. अक्का आडाच्या काठावर बसल्या होत्या, पाय बाहेरच्या बाजूला, हात मांडीवर. आत बघत नव्हत्या. मी जाऊन त्यांचा दंड धरला आणि मग त्यांच्या शेजारी खाली बसले.

"अक्का, जीव द्यायला आलात का?"

"व्हय," त्या म्हणाल्या. कुणी विचारावं, भाकरी खाल्ली का, आणि सांगावं, तशा.

"कधीपासून मनात आहे?"

"दिवाळीपासून." मग म्हणाल्या, "कुणी इचारलंच न्हाय."

"लिंग का काढून ठेवलंत?"

"त्येला कशाला बुडवायचं? त्येनं काय केलंय?"

मी त्यांचा दंड सोडला नाही. त्या ओढून घेत नव्हत्या. बोलायला लागल्या, थांबत थांबत. की सकाळी डोळा उघडला की छातीवर जात्याची तळी ठेवल्यासारखं होतं. की घास गिळत नाही, तोंडात माती घोळल्यासारखा घोळतो. "पूजा झाली की जेवा म्हणता तुम्ही. म्हणून पूजा संपवत नव्हते. हातावर लिंग असलं की कुणी बोलत न्हाय." लोक पाया पडत तेव्हा आपण सगळ्यांना फसवतोय असं वाटे. उद्या मठात दहा गावांपुढे बसायचं म्हणजे दहा गावांना फसवायचं. ते त्यांना होणार नव्हतं. काल रात्री ठरवलं आणि मग सगळं हलकं झालं.

"तू कशाला आलीस?" शेवटी त्यांनी विचारलं. त्यात राग नव्हता. मला वाईट वाटायला हवं होतं. मला फक्त घाम फुटला होता.

त्यांचा दंड धरूनच मी त्यांना घरात आणलं, परसातून सोप्यात, सोप्यातून दुकानात. डोक्यावरचा पदर पडला होता, तो मी सावरला नाही. भासरे गादीवर बसले होते, समोर दोन गिऱ्हाइकं. मी त्यांच्या समोर उभी राहिले आणि त्यांच्याकडे बघून बोलले. तेरा वर्षांत पहिल्यांदा.

"अक्कांचं लिंग देवळीत आहे. जाऊन बघा. मी त्यांना आडावरून आणलं."

त्यांनी अक्कांच्या गळ्याकडे बघितलं. मी दाराआडून जे सांगितलं होतं त्यातलं काही त्यांना पटलं नव्हतं. झोप, भूक, सकाळ-संध्याकाळ, काही नाही. रिकामा गळा त्यांना एका क्षणात कळला. ते उठले ते गिऱ्हाइकांना काही न सांगता आत गेले, आणि डबी घेऊन आले, पण दोऱ्याची गाठ त्यांना बसेना, ती मालकांना मारावी लागली.

संध्याकाळी अय्या आले. म्हणाले, उतरवलेलं लिंग असं घालता येत नाही, विधी करावा लागेल, उद्याचं मठातलं बसणं त्यानंतर. भासरे म्हणाले, "विधी नंतर बघू. ती बसणार न्हाय." अय्या माझ्याकडे बघून म्हणाले, "समाधी मोडली बाई तुम्ही." मी म्हटलं, "व्हय, मोडली." पुढची कितीतरी वर्षं गावात मला हेच म्हणत, समाधी मोडणारी. लेकीसुना माझ्याकडे हळदीकुंकवाला यायच्या थांबल्या. त्यांचं नुकसान झालं होतं, हे मला कळतं. ज्या बाईपाशी त्या आपलं सांगायच्या ती मी काढून घेतली होती.

पुढचं थोडक्यात सांगते. अक्का सव्वा महिना दवाखान्यात राहिल्या, मीही त्यांच्याजवळ. तेव्हा आजच्यासारख्या गोळ्या नव्हत्या. झोपेचं औषध, जबरदस्तीने भरवणं, आणि कुणीतरी सतत शेजारी, एवढंच. चैत्रात त्या एकदा भाजीत मीठ कमी आहे म्हणाल्या, तेव्हा डॉक्टर म्हणाले, वळली गाडी. वळली, पण कायमची नाही. चार वर्षांनी, पोलिस अॅक्शनच्या वर्षी, पुन्हा आलं, मग आणखी एकदा. त्या पुढे नऊ वर्षं जगल्या आणि शेवटी न्यूमोनियाने गेल्या. नऊतली सहा बरी गेली असं मी म्हणेन. मला त्यांनी कधी म्हटलं नाही की आणलंस ते बरं केलंस. एकदा बऱ्या असताना मी विचारलं, तर म्हणाल्या, "तवाचं मला इचारू नगं. ती बाई येगळी व्हती." दुसऱ्या आणि तिसऱ्या वेळी मात्र मी लक्षणांची वाट बघत बसले नाही. पहाटे उठून बसलेल्या दिसल्या की त्याच दिवशी विचारत असे, सरळ, मनात येतं का म्हणून. त्याही सरळ सांगत.

त्या शिवरात्रीला सकाळी मी पाणी तापवलं आणि अक्कांना अंघोळ घातली, लहान पोराला घालतात तशी, कारण आदल्या दिवशीचं बळ एका रात्रीत उतरलं होतं आणि त्या पुन्हा दगड झाल्या होत्या. त्या हातावर लिंग घेऊन बसल्या. मी घटकाभर वाट बघितली आणि मग म्हटलं, झाली पूजा. पेज चमच्याने भरवली. ब्याड म्हणाल्या, तरी भरवली. अर्धी वाटी गेली. सुताराला बोलावून सांगितलं की आज सण असला तरी आडावर फळ्या ठोक आणि कडीला कुलूप लाव. मग मालकांनी गाडी जुंपली. सडकेवर मोटारीची वाट बघत बसलो तर मठाकडे निघालेल्या बायका थांबायला लागल्या. एक जण वाकून अक्कांच्या पायाला हात लावणार, तेवढ्यात मी मध्ये झाले.

"त्या आजारी आहेत," मी म्हटलं. "दवाखान्यात नेतोय."

"आज? शिवरात्रीला?"

"आज."

मोटार आली, धूर सोडत. मी अक्कांना आत ढकललं, मालकांच्या शेजारी बसवलं, आणि दाराच्या बाजूला मी बसले.